उपरण्याखालचा भाव

आमच्या घरात काठवटी दोन होत्या, एक आईची आणि एक काकूची. पहाटे दोघी चुलीच्या दोन बाजूंना बसून भाकरी थापायच्या. आईची थाप जड आणि सावकाश, काकूची हलकी आणि घाईची. मी अंथरुणात पडल्या पडल्या थापांवरून भाकरी मोजत असे. माणसं अकरा, माणशी सरासरी अडीच, म्हणजे साडेसत्तावीस, म्हणजे अठ्ठावीस. अठ्ठाविसाव्या भाकरीला मी उठायची. मोजण्याची खोड मला तेव्हापासूनची आहे. आजही दूधवाल्याचा खाडा मी कॅलेंडरवर मांडते आणि महिनाअखेर तो माझाच आकडा खरा धरतो. पण एक आकडा असा आहे की तो मला कधी लागला नाही, आणि तो आमच्या घरातल्या सगळ्यांत महागड्या खरेदीचा होता.

वडिलांना आम्ही आप्पा म्हणत असू. घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात ते दलाली करत. धाकटे चुलते नाना, नाव किसन, ते शेती बघत. कामाची ही वाटणी इतकी पक्की होती की आप्पांना विहिरीवरचं इंजिन सुरू करता येत नसे, आणि नानांनी आयुष्यात एक बैल स्वतः विकत घेतला नव्हता. घरात बैल यायचे ते आप्पांच्या मागून चालत. बाजाराच्या दिवशी आप्पा धुतलेलं उपरणं खांद्यावर टाकून निघत. ते उपरणं त्यांचं हत्यार होतं. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली एकमेकांचा हात धरणार, बोटं दाबून भाव सांगणार, नको असेल तर झटकणार, आणि भोवती उभ्या असलेल्या वीस माणसांना फक्त दोघांचे चेहरे दिसणार. सौदा झाला की हातातला भाव हातात राहायचा. तिसऱ्याला सांगायचा नाही. एकदा मी आप्पांना विचारलं होतं, सांगितला तर काय होतं? ते म्हणाले, "काय हुत न्हाई. फकस्त पुन्यांदा कोन हात देत न्हाई."

पिकअप घ्यायची ही कल्पना नानांच्या दत्तूची. त्यानं नगरला एका ट्रकवाल्याकडे राहून लायसन काढलं होतं आणि घरी आल्यापासून तो जेवतानासुद्धा डावा पाय क्लच दाबल्यासारखा हलवत असे. आपला कांदा, वांगी, गावातल्या लोकांच्या शेळ्या-मेंढ्या, सगळं नगरला न्यायचं आणि भाडं मिळवायचं, असं त्याचं गणित. ते मी मांडून पाहिलं, बरोबर निघालं. ठरलं की दोघा भावांनी निम्मे निम्मे घालायचे. नानांनी उसाच्या बिलातून अकरा हजार काढून आप्पांच्या हातात दिले. आप्पांनी आपले किती घेतले ते सांगितलं नाही. कमरेच्या कशात, म्हणजे कापडी पिशवीत, बांधले, एवढंच. मी अकरावी पास होऊन घरी बसले होते, स्थळं बघणं चालू होतं. आप्पांचं लिहिणं सहीपुरतं. ते म्हणाले, "सिंधे, कागद वाचाया कोनतरी पायजे. चल तू." आईनं शेंगदाण्याची चटणी आणि चार भाकरी बांधून दिल्या, आणि दत्तू, आप्पा आणि मी एस.टी.नं नगरला गेलो.

गाड्यांच्या दुकानात काचेच्या टेबलामागे टेरिलिनच्या शर्टातला तरुण शेठ बसला होता. मागे कोपऱ्यात त्याचे वडील, धोतर आणि काळी टोपी, सुपारी कातरत. मधोमध ती पिकअप. निळसर रंग, पुढून जीपसारखी, मागे लोखंडी हौदा. आप्पांनी तिला दोन फेऱ्या मारल्या. बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारावी तशी हौद्यावर थाप मारली. दत्तूला बॉनेट उघडायला लावून आत असं पाहिलं, की जणू ते दात मोजत होते. मग खाली बसून चाकांकडे एक डोळा मिटून बघितलं.

"पुढचा डावा पाय आत हाय," ते म्हणाले. "चालताना घाशील."

"काका, नवीन आहे ती," तरुण शेठ म्हणाला. "आठ दिवस झाले येऊन."

"आट दिसाचं वासरू बी लंगडं असतं. काय म्हनता हिचं?"

त्यानं एक छापील कागद पुढे सरकवला. "हा भाव. कंपनीनं ठरवलेला."

"आन तुमचा?"

"आमचा वेगळा नसतो."

"मग तुमी हितं कशाला बसलाय?"

तरुण शेठ हसला नाही. आप्पांनी कागद माझ्याकडे दिला. मी वाचून दाखवला: गाडी इतकी, हौदा इतका, कर, पासिंग, विमा. बेरीज तपासली, चूक नव्हती. "एकूण बावीस हजार तीनशे ऐंशी, आप्पा."

"त्येच्या खाली काय लिवलंय?"

"त्याच्या खाली काय न्हाई."

"न्हाई कसं? भावाच्या खाली जागा असतीच."

आप्पांनी मग बाजारातलं सगळं करून पाहिलं. रंग फिका आहे म्हणाले. स्टेपनी जुनी दिसते म्हणाले. याच्यापेक्षा चांगली जोडी, म्हणजे गाडी, श्रीरामपूरला उभी आहे म्हणाले. तरुण शेठ प्रत्येक वेळी तोच कागद दाखवायचा. शेवटी तो म्हणाला, "काका, खरं सांगतो. ही गाडीसुद्धा एकानं बुकिंग सोडलं म्हणून इथं उभी आहे. मागं तिघं जण थांबलेत, त्यांतले दोघं छापील भावाच्या वर द्यायला तयार आहेत. तुम्हाला परवडत नसेल तर राहू द्या."

मागितलेल्या भावापेक्षा जास्त द्यायचं, हे आप्पांनी जन्मात ऐकलं नव्हतं. मीही नाही. ते उठले, उपरणं झटकलं, "चल रं दत्तू" म्हणाले आणि दरवाज्याबाहेर पडले. हे मी ओळखत होते. बाजारात गिऱ्हाईक पाठ फिरवून निघालं की सातव्या-आठव्या पावलाला मागून हाक येते. आप्पा सावकाश चालत होते. मी पावलं मोजली. सात झाली, दहा झाली, पंधरा झाली. तरुण शेठनं पेपर उघडला. दत्तू दारात आणि मी गाडीपाशी, जावं की थांबावं हे आम्हा दोघांनाही कळेना. आप्पा रस्ता ओलांडून पलीकडच्या चहाच्या टपरीशी गेले, तिथं उभ्या उभ्या पेलाभर पाणी प्यायले, आणि तितक्याच सावकाश परत आले.

"तहान लागली हुती," ते म्हणाले.

त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. रागावलेला नव्हता. आपल्याच गावात वाट चुकलेल्या माणसाचा असावा तसा होता.

तेव्हा कोपऱ्यातून म्हातारे शेठ बोलले. "पाव्हणे, घोडेगावचे का?"

"व्हय. तुमी कसं वळखलं?"

"तुमची चाल बघून. मी चाळीस वर्षं पेंड विकली बाजाराबाजारानं. घोडेगावला निंबाखाली माझी पालं असायची. या इकडं."

आप्पा त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हाताऱ्या शेठनी अडकित्ता खाली ठेवला, हात धोतराला पुसला आणि पुढे केला. आप्पांनी उपरणं त्यावर टाकलं. दुकानातली सगळी हालचाल थांबली. आप्पांचं कोपर दोनदा हललं, शेठनी मान वळवून रस्त्याकडे पाहिलं.  मग शेठचा खांदा जरा वर आला आणि आप्पांनी डोळे मिटले. तरुण शेठ पेपर ठेवून माझ्याशेजारी येऊन उभा राहिला होता.

"काय चाललंय हे?" त्यानं हळूच विचारलं.

"भाव."

"कशाचा? भाव तर छापलाय."

 आम्ही दोघंही शिकलेलो, दोघांच्या हातांत तो कागद, आणि दोघंही त्या उपरण्याकडे खुळ्यासारखे बघत उभे. अखेर दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदम "हं" केलं, उपरणं निघालं, आणि शेठ म्हणाले, "चला, आत च्या घेऊ."

ते दोघंच आतल्या खोलीत गेले. आत जाताना आप्पांच्या कमरेचा कसा किती फुगलेला होता आणि बाहेर येताना किती, हे मी पाहिलं नाही. इतर सगळं पाहिलं, तेवढंच राहिलं. त्याची चुटपुट मला अजून आहे. बाहेर आल्यावर शेठ मुलाला म्हणाले, "पावती कर."

"किती लिहू, बाबा?"

"छापलाय तेवढा."

"मग इतका वेळ तुम्ही..."

"तू लिही रे."

आप्पांनी टेबलावर नोटा मोजल्या, त्यांच्याबरोबर मीही मनात मोजल्या. बावीस हजार तीनशे ऐंशी, एक रुपया इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे टेबलावरचा हिशेब पुरा होता. पण आतल्या खोलीत काहीतरी दिलं-घेतलं गेलं होतं. शेठनी आप्पांना काही परत दिलं की, मागे थांबलेल्या तिघांच्या पुढे नंबर लागावा म्हणून आप्पांनीच शेठना वर काही दिलं? मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्ही पटत होतं.

गाडी दारात आली तेव्हा काकूनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, आईनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, नानांनी नारळ फोडला. मासवडीचा बेत होता. रश्शाच्या तिखटानं सगळ्यांची नाकं वाहत होती आणि दत्तू गाडीतच बसून जेवत होता. मग नानांनी मला पावती वाचायला सांगितली. मी वाचली. "निम्मे किती?" त्यांनी विचारलं. "अकरा हजार एकशे नव्वद," मी म्हटलं. नाना उठले, आत गेले आणि एकशे नव्वद रुपये आणून आप्पांपुढे ठेवले.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले.

"का? माझ्याकडं निगत्यात."

"तुझं पुरलं."

"पुरलं कसं?"

"पुरलं म्हंजे पुरलं, किसन. जेव."

ते एकशे नव्वद आप्पांनी घेतले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण जनावरामागे पाच रुपयांसाठी उन्हात दोन तास उभा राहणारा माणूस एकशे नव्वद रुपये सोडतो, याचा अर्थ लावायला पारावर माणसं कमी नव्हती. "दलालानं एकशे नव्वद सोडलं म्हंजे हजार गिळलं," असं कुणीतरी बोललं आणि ते काकूपर्यंत आलं. नाना दोन दिवस उसातून जेवायलाही घरी आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी त्यांची भाकरी घेऊन उसात गेले. लहानपणी मी नानांच्याच खांद्यावर बसून गाव पाहिलं होतं. आप्पा बाजाराला, आई चुलीशी; मला नानांनीच वाढवलं म्हटलं तरी चालेल. त्यांनी उसाला पाण्याची दारं मोडायचं थांबवलं आणि फावड्यावर हात टेकला.

"सिंधे, तू हुतीस तिथं. कितीला ठरली गाडी?"

"नाना, मला माहीत न्हाई."

"तुला न्हाई? शेरभर शेंगात दानं किती ते सांगती तू."

"उपरणं टाकलं होतं. देवाशपथ मला दिसलं न्हाई."

त्यांनी फावडं उचललं. मग म्हणाले, "बापाची लेक हाईस. बरोबर हाय," आणि पाठ फिरवून पाणी धरू लागले. मी खोटं बोलले असते तर एवढं लागलं नसतं. त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलेनासे झाले. मी आप्पांना विनवलं, नानांना सांगा म्हणून. आप्पा म्हणाले, "शेठला हात दिलाय." आईला विचारलं, तर ती म्हणाली, "मला कवा काय सांगत्यात ते?" मी पाटीवर निरनिराळे भाव मांडून पाहिले. एकवीस हजार धरले तर आप्पांकडे नानांचे पाचशे उरतात. तेवीस धरले तर आप्पांनी पदरचे पाचशे जास्त घातले. एकाच पाटीवर माझा बाप एकदा लबाड ठरत होता आणि एकदा भला. पाटी पुसली तरी डोक्यातून ते जाईना.

आणि एका पहाटे मला जाग आली तेव्हा आईची थाप पंधराला थांबली. तेरा थापा पडवीतून ऐकू येत होत्या. बाहेर येऊन बघते, तर काकूनं पडवीत तीन दगड मांडून आपली वेगळी चूल पेटवली होती. आई आपल्या चुलीपाशी, पीठ भरल्या हातानं, तशीच बसून होती. कुणी भांडलं नाही. आमच्याकडे घरं अशीच फुटत. आधी तीन दगड, मग धान्याची कणगी, मग बांधावर तलाठी. पाळण्यातल्या पोरापासून सगळ्यांना ते ठाऊक होतं. दत्तू गाडी पुसत होता, तो पुसायचा थांबला.

आप्पा बाजारला निघाले होते. उपरणं खांद्यावर टाकून ते पडवीत आले आणि धूर बघून उभे राहिले. किती वेळ उभे होते ते मी मोजलं नाही.

"किसन, हिकडं ये."

नाना गोठ्यातून आले.

"मी तोंडानं सांगनार न्हाई. बाजारात माझं त्येवढंच हाय. पन तू वाट्याचा हाईस, तिसरा न्हाईस. हात दे."

नाना हलले नाहीत. आप्पांनीच त्यांचा हात ओढून घेतला आणि उपरणं टाकलं. भोवती आम्ही नऊ जणं उभी. काकू फुंकणी हातात घेऊन चुलीवरून उठली. आप्पा नानांच्या डोळ्यांत बघत होते, नाना उपरण्याकडे. मी नानांचा चेहरा डोळ्यांत तेल घालून बघितला. वाटलं, जरा जरी भुवई वर गेली तरी मला कळेल, भाव छापलेल्याच्या वर की खाली. भुवई हलली नाही. मग नाना म्हणाले, "बरं."

मग ते पडवीतल्या चुलीशी गेले. काकूच्या तीन दगडांवरचं कालवणाचं पातेलं त्यांनी धोतराच्या सोग्यानं धरून उचललं, आत नेलं आणि आईच्या चुलीच्या वैलावर ठेवलं. "अवो, पन किती ते तरी सांगा," काकू मागून म्हणाली.

"हातातलं सांगत न्हाईत," नाना म्हणाले.

त्या दुपारी ते गोठ्याशी मला म्हणाले, "सिंधे, ऊस खाती का?" मी म्हटलं, खाते. त्यांनी कोयत्यानं सोलून दिला. एवढ्यावर आमचं बोलणं परत सुरू झालं. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, आणि पाठवणीला मी त्याच पिकअपमधून गेले. दत्तूनं ती पुष्कळ वर्षं चालवली. शेवटी तिचा हौदा गळून पडला, तेव्हा ती भंगारात गेली. तिची किंमत किलोवर आली, आणि ती मात्र सगळ्यांना माहीत होती.

आप्पा गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी नाना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे नगरला आले. दुपारची वेळ होती, एका डोळ्याला पट्टी, मी दुसऱ्यात थेंब टाकत होते. मनात किती वर्षं होतं ते ओठांवर आलं.

"नाना, आता तरी सांगा. किती होता?"

"काय किती?"

"पिकअपचा भाव. आप्पांनी तुमच्या हातात दाबला तो."

"मला कुटं कळला?"

मला वाटलं, ते विसरले. पण तसं नव्हतं. ते म्हणाले, "अगं, मी कवा बाजारात हात दिलाय? त्यानं हे बोट धरलं, ते सोडलं, मग पंजा दाबला, मग आनि कायतरी केलं. मला त्यातलं काय कळतंय?"

"मग बरं कशाला म्हणालात?"

"आख्ख्या घरादेखत थोरल्या भावाला म्हनू का, मला बोटं येत न्हाईत, पुन्यांदा दाब?" ते हसले. मग म्हणाले, "त्याचा हात कापत हुता, सिंधे. शंभर बैलं घेताना कापला नसल. मी म्हनलं, हा कापतोय, आता आकडा काय करायचा?"

मी थेंबाची बाटली झाकण लावून खाली ठेवली. आप्पांना वाटत राहिलं की भावाला सांगितलं. आईला वाटलं, नानांना कळलं. काकूनंही पुढे विचारलं नाही, तिला वाटलं नवऱ्याला ठाऊक आहे. एका आकड्यावर सगळं घर पुन्हा एका चुलीवर आलं होतं, आणि तो आकडा घरात कुणाकडेच नव्हता.

"आता तू सांग की," नाना म्हणाले.

"मी?"

"तुला ठाव आसलच. तवा बापानं सांगू दिलं नसल, पन आता काय? मी इतकी वर्सं निचिंत हुतो. म्हनलं, हिशोबाची पोरगी हाय, घरात एकीला तरी ठाव हाय."

मला माहीत नाही, हे मी त्यांना एकदा उसात सांगितलं होतं, आणि तेव्हा खरं असून त्यांना पटलं नव्हतं. पुन्हा तेच सांगावं की काय करावं, हे मला सुचेना. मी त्यांच्या पट्टीची कड नीट दाबली.

"बावीस हजार," मी म्हटलं. आयुष्यात न तपासता सांगितलेला माझा हा एकच आकडा.

"तेच म्हनलं मी," नाना म्हणाले. "अकरा त्याचं, अकरा माझं." आणि ते भिंतीकडे तोंड करून निवांत झोपले.